हाकेचे भाडे

ज्या वस्तूसाठी माणसे माझ्या टेबलाशी येऊन बसत, ती बहुधा तळहातावर मावणारी असे. दूध काढण्याच्या यंत्रातली रबरी वाटी, एमआयडीसीतल्या एखाद्या जुन्या मशिनचे बटण, ठिबकच्या पाण्याचा दाब सांगणारा सेन्सर. अशी वस्तू बारामतीत नसे, पुण्यात नसे, आणि ज्याने मूळ यंत्र विकलेले असे तो सांगे, पार्ट मिळत नाही, यंत्रच नवे घ्या. मग कुणीतरी त्या माणसाला माझा पत्ता देई. भिगवण रस्त्यालगतच्या औषधांच्या दुकानावर, माडीवर, माझी एका खिडकीची खोली होती. चीनमधल्या विक्रेत्यांकडे ती वस्तू शोधायची, मागवायची, तिची जकात भरायची आणि ज्याची त्याच्या हाती द्यायची, हा माझा व्यवसाय. त्याआधी मी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर कविता शिकवत असे. दोन्ही कामांत मला फारसे अंतर वाटले नाही. दूर कुठेतरी असलेली, कधी न पाहिलेली गोष्ट तिच्या वर्णनावरून ओळखायची, आणि ती पोहोचेपर्यंत धीर धरायचा.

खोक्यांना वास असतो. समुद्रावरून आलेल्या पुठ्ठ्याला ओलसर, किंचित आंबूस वास येतो. त्यात गोण्या, गंज आणि लांबचा पाऊस मिसळलेला असतो. विमानाने आलेल्या खोक्याला मात्र कसलाच वास नसतो. ते कुठून आलेलेच नाही, इथेच टेबलावर उगवले आहे, असे वाटत राहते. पहिली काही वर्षे माझ्याकडे असलीच बिनवासाची खोकी येत. चिनी अ‍ॅपवर वस्तू स्वस्त आणि पाठवणी जवळजवळ फुकट. मग ती अ‍ॅप बंद झाली, टपालखात्याने छोटी पाकिटे घेणे थांबवले, आणि जे मार्ग उरले त्यांचे भाडे चढू लागले. जगाच्या दुसऱ्या टोकाला बोटी लांबच्या वाटेने वळल्या की त्याची झळ भिगवण रस्त्यावरच्या माझ्या माडीपर्यंत येई. अखेर अशी वेळ आली की वस्तूपेक्षा तिचे भाडे कितीतरी पटींनी मोठे असे, आणि ते समजावून सांगणे हेच माझे मुख्य काम होऊन बसले.

बाहेरच्या माणसाला हे ठाऊक नसते की भाडे दोन रीतींनी मोजतात. तराजूवर वस्तू किती भरते, ही एक रीत. तिचे खोके किती जागा अडवते, ही दुसरी. दोहोंत जे जास्त निघेल ते लागू होते. म्हणजे हलकी पण फुगीर वस्तू मागवणारा माणूस तिच्या आतल्या हवेचेही भाडे भरतो. इंदापुरात पार्लर चालवणाऱ्या वैशालीने केस कापण्याच्या सरावासाठी रबराची डोकी मागवली, तेव्हा तिला हे काही केल्या पटेना.

"मॅडम, डोकी आतनं पोकळ असतात. मग वजन कसलं लावलं?"

"पोकळीचंच लावलं आहे."

"असं हाय व्हय," ती म्हणाली. "मग आमच्या सासूबाईंना कधी पार्सलनं पाठवायचं न्हाय. परवडायचं न्हाय."

त्या डोक्यांचे भाडे वाचवण्यासाठी मी तिकडच्या गोदामाला कळवले की प्रत्येकाचे खोके काढून टाका आणि आतल्या पोकळीत इतरांचा माल भरा. माल आला. मी झाकण उघडले तेव्हा सात-आठ चेहरे एका कुशीवर निजून माझ्याकडे पाहत होते. मानेच्या भोकातून दूधयंत्राच्या रबरी वाट्या डोकावत होत्या. एकीच्या पापण्यांवर कुणाचे तरी वॉशर चिकटले होते. खोलीत समुद्राचा वास भरला. मी ते झाकण पुन्हा लावले, खाली जाऊन चहा घेतला, आणि मगच वर येऊन माल वेगळा केला.

तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत पडली. शेतात सावड करतात, म्हणजे आज सगळे मिळून एकाचे रान उरकतात आणि उद्या दुसऱ्याचे, तशी ही खोक्याची सावड. एकट्याची वस्तू मागवायची नाही. काटेवाडी, कन्हेरी, बारामती, इंदापूर अशी चारी ठिकाणची निकड गोळा करायची, एक मोठे खोके भरले की बोटीने आणायचे आणि भाडे वाटून घ्यायचे. पद्धत चांगली होती. तिचा दोष एवढाच की एकाचे अडलेले काम दुसऱ्याच्या गरजेची वाट पाहत थांबे.

हिराबाई आल्या त्या याच दिवसांत. सोबत त्यांचे धाकटे दीर दत्तूतात्या होते. इंदापूरच्या पलीकडे, धरणाच्या फुगवट्याचे पाणी जिथवर पसरते त्या काठाला दोघांच्या लागून लागून पेरूच्या बागा. घराणे मेंढपाळांचे. आता भटकंती सुटली होती, बागेचे उत्पन्न हातात होते, आणि जुन्या कळपातली थोडी मेंढरे हिराबाईंनी राखली होती.

"ह्येच्यावर औषध हाय का तुमच्याकडं?" हिराबाईंनी विचारले.

"औषधाचं दुकान खाली, वयनी," तात्या म्हणाले. "ह्या मॅडम पार्ट देत्यात." आणि त्यांनी फोनवरचा फोटो माझ्यापुढे धरला. खांबावर बसवलेला भोंगा होता, वर सौरपट्टी. बागेतली पाखरे उठवण्यासाठी असे भोंगे लावतात. ससाण्याचा, फटाक्यांचा आवाज त्यात भरलेला असतो. हवा तर आपला आवाजही भरता येतो. आत टायमर असतो, तो नेमल्या वेळी आवाज सोडतो.

"बिघडलाय का?"

"बिघडला न्हाय," हिराबाई म्हणाल्या. "येळ चुकतोय."

त्यांच्या यजमानांनी त्यात आपली हाक भरली होती. मेंढरे सांजेला पाण्यावर नेताना ते देत ती. पाखरे त्या हाकेने उठत, म्हणून तीच ठेवली. नंतर ते आजारी पडले आणि गेले. भोंगा सांज झाली की हाक देत राहिला. मग टायमर बिघडला आणि हाक भलत्या वेळी येऊ लागली.

"इंदापूरला दाखवला," तात्यांनी सांगितले. "त्यो म्हनला आवाज आन् टायमर एकाच कार्डावर हाय. हात लावला आन् आवाज फुसला तर मी जबाबदार न्हाय."

"तोवर बंद ठेवा. खाली खटका असेल."

हिराबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता; एखादे लहान मूल काहीतरी अभद्र बोलून जाते तेव्हा मोठी माणसे पाहतात तसे त्यांनी पाहिले.

"जित्या माणसाच्या तोंडावर हात ठिवायचा व्हय?"

"जितं कुठलं, वयनी," तात्या खिडकीकडे बघत हळूच म्हणाले. "वरीस होत आलं."

"आवाज जिताच हाय की."

वैशालीचा माल द्यायला मी इंदापूरला जाणारच होते. तशीच पुढे त्यांच्या बागेत गेले. भर दुपार होती. पाणी ओसरले होते आणि काठाचा गाळ उघडा पडून, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा काळा चमकत होता. पेरूंचा गोडसर, जरा उतरत आलेला वास सगळीकडे होता. बाभळीखाली मेंढरे एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी होती. पाखरू नव्हते, वारा नव्हता. हिराबाईंनी चहा आणला आणि आम्ही पडवीत बसलो.

तेवढ्यात हाक आली.

मी आयुष्यभर अक्षरांच्या मात्रा मोजलेल्या आहेत. त्या हाकेत शब्द नव्हता, पण वृत्त होते. दोन दीर्घ स्वर, घशाच्या तळातून उचललेले. मग एक ऱ्हस्व, जिभेच्या टाळीने तोडलेला. आणि त्यानंतर यती, ओळीतला ठरलेला विराम. ती शांतताही त्या हाकेचाच भाग होती, कारण तिच्यात उत्तराची जागा मोकळी सोडलेली होती. आधी मेंढरांचे कान उठले, मग माना. ती एकामागून एक बाहेर पडली आणि पाण्याच्या काठच्या खांबाकडे चालू लागली. खांबाखाली जाऊन त्यांनी तोंडे वर केली. तिथे कुणी नव्हते. पुन्हा हाक आली तशी पुढची दोन गाळाच्या दिशेने निघाली.

हिराबाई काठी घेऊन पळाल्या. घाम पुसत परतल्या तेव्हा म्हणाल्या, "कळप आपल्या मानसाचीच हाक वळखतो, मॅडम. दुसऱ्यानं घसा फोडला तरी हालत न्हाय. ह्ये पान्यावर चला म्हनत्यात, म्हनून ती जात्यात. पानी हाय कुठं? गाळ हाय. गेल्या म्हयन्यात एक मेंढी तितंच रुतली. वर काढली तवा गेलेली हुती."

"अजून किती जातील?"

"मी हाय तवर न्हाय जानार. पन मी बाजाराला जावं का न्हाय?"

त्यांना हवे होते ते एवढेच: यजमानांची हाक राहावी आणि ती वेळेवर यावी. मी ती हाक फोनवर भरून घेतली आणि भोंगा बनवणाऱ्या विक्रेतीला पाठवली. तिचे नाव मला शेवटपर्यंत कळले नाही. पडद्यावर फक्त एका पांढऱ्या फुलाचे चित्र असे. भाषांतर यंत्र करी, त्यामुळे तिची वाक्ये पाणी ओलांडून आल्यासारखी वाटत.

तिने लिहिले, सुटे कार्ड मिळत नाही. नवे यंत्र घ्यावे लागेल. एक यंत्र पाठवले तरी भाडे दहाचे पडेल, कारण त्याहून लहान खोके बोटीवर घेत नाहीत. मग तिने विचारले, "हा माणूस कुणाला बोलावतो आहे?"

"मेंढ्यांना," मी लिहिले.

"मेंढ्या येतात?"

"येतात."

थोड्या वेळाने उत्तर आले. "आम्ही आवाज वाजवला तेव्हा गोदामातले कुत्रे उठून दाराशी गेले. अजून तिथेच बसले आहे. तुमच्या नव्या मालात हा आवाज आम्ही भरून देऊ. त्याचे पैसे नाहीत."

मी हो म्हटले.

एकासाठी दहा आणायचे म्हणून सावड सुरू झाली. तात्यांनी स्वतःसाठी एक भोंगा सांगितला आणि वस्तीवर फिरून आणखी काही नावे आणली. काटेवाडीचे, कन्हेरीचे बागायतदार मी जोडले. आपले द्राक्ष, आपला पेरू वाचावा एवढाच त्यांचा हेतू होता. बोट निघाली. वाटेत ती कुठल्याशा बंदराबाहेर थांबून राहिली, आणि थांबण्याचे म्हणून भाडे पुन्हा वाढले. ते मी फोनवर सांगितले तेव्हा तात्या म्हणाले, "बैलगाडीवाला बरा म्हनायचा. अर्ध्या वाटंत भाडं वाढवत न्हाय." पण सगळ्यांनी फरक भरला, कारण एक जरी मागे हटला असता तरी उरलेल्यांचा वाटा फुगला असता. त्या काळात हिराबाई मेंढरांना दिवसभर दावणीला बांधत. हाक आली की ती दावी ताणून उभी राहत आणि मानेवरची लोकर घासून जाई.

खोके आले, तेव्हा पाच-सहा जण माझ्या खोलीत जमले होते. हिराबाई मेंढरांजवळ थांबल्या होत्या. त्यांचा भोंगा तात्या नेणार होते. हातात देण्याआधी प्रत्येक वस्तू चालवून दाखवायची, हा माझ्या कामाचा नियम. मी पहिला भोंगा टेबलावर ठेवला आणि बटण दाबले.

दोन दीर्घ, एक ऱ्हस्व, आणि शांतता.

तात्या खुर्चीवरून उठले होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"हा वयनींचा," ते म्हणाले.

मी तो बाजूला ठेवला आणि दुसरा उचलला. तोच आवाज. तिसरा. माझ्या बोटाखाली प्रत्येक बटण तीच हाक देत होते आणि प्रत्येक वेळी शेवटी उत्तरासाठी तेवढीच जागा सोडत होते. मी चुकले नव्हते, विक्रेतीही चुकली नव्हती. 'तुमच्या नव्या मालात' असे तिने लिहिले होते, आणि तिच्या लेखी एका भाड्यात आलेला माल एकच असतो. दहा माणसांनी मिळून एक खोके भरले, हे तिला कुठून दिसणार?

"आवाज खणखणीत हाय," कन्हेरीचे बागायतदार म्हणाले. "कुनाचा हाय?"

तात्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"हा पुसून ससाण्याचा लावून देते," मी म्हणाले. "सगळ्यांचाच."

"फुसायचा कुनी?" तात्यांनी विचारले. मी त्यांच्याकडे पाहिले आणि बटणावरचा हात काढून घेतला. बाकीच्यांनी आपापले भोंगे उचलले. पाखरे उठली म्हणजे झाले, असे त्यांचे मत पडले.

त्यानंतरच्या दिवसांत मी कामानिमित्त बऱ्याचदा त्या रस्त्याने गेले. प्रत्येकाने आपल्या सोयीने टायमर लावलेला होता. सकाळी काटेवाडीत उसापलीकडच्या एका द्राक्षबागेतून हाक येई. थोड्या वेळाने कन्हेरीत. मग पूर्वेकडे, कालव्याच्या कडेच्या डाळिंबांतून. ऊन चढेल तशी ती इंदापूरच्या अंगाला सरकत जाई. एका ठिकाणी ऐकून मी निघावे, आणि पुढच्या बागेशी पोहोचेतो ती तिथे आधीच येऊन गेलेली असावी. पाखरांचा थवा अजून हवेत असे. कुणी ठरवून केलेले नव्हते. पण दिवसभर एक माणूस मेंढरांमागच्या संथ चालीने, काठी टेकत, त्या मुलखातून पूर्वेकडे चालला आहे, हे कानांना इतके स्पष्ट कळे की मी गाडी हळू चालवू लागले. उगाच धक्का लागायला नको, असे वाटे.

हिराबाईंचा नवा टायमर अचूक होता. पण शेजारी तात्यांचा भोंगा दुपारी वाजे, आणि त्यापलीकडचा आणखी कधीतरी. जुना तर खांबावर होताच. तो उतरवायला त्या तयार नव्हत्या. मेंढरे दिवसभर उठत होती. त्यांनी मला बोलावले तेव्हा मी बोलणी खायच्या तयारीने गेले. भाडे वाचवण्याच्या नादात मी त्यांचे दुखणे दहापट करून ठेवले होते.

हिराबाई खांबाशी उभ्या होत्या. तात्याही आले होते.

"मॅडम, खटका कंचा? दावा."

"मी करते ना बंद."

"दावा म्हनलं."

मी दाखवला. त्यांनी जुन्या भोंग्याखाली हात घातला आणि काही क्षण तसाच राहू दिला.

"आदी भ्या वाटायचं," त्या म्हणाल्या. "हितं दाबला म्हंजी संपलं. आता समद्या रानांनी फिरत्यात. हितं दाबला तरी ह्ये काय थांबनार न्हाईत."

"त्यांना कधी कुनी थांबवलं हुतं, वयनी," तात्या म्हणाले.

खट्ट असा आवाज झाला. मग हिराबाईंनी नव्याचाही खटका दाबला. पाण्याच्या काठावर इतकी शांतता पसरली की गाळात फुटणारे बुडबुडे ऐकू आले. आम्ही तिघे पडवीत येऊन बसलो.

मग तात्यांच्या बागेतला भोंगा वाजला. त्यांची बाग चढाला आहे, पाण्यापासून दूर. मेंढरे उठली, क्षणभर थबकली, आणि गाळाकडे पाठ करून चढाने निघाली. बांधाशी जाऊन त्यांनी तोंडे वर केली आणि तिथल्या गवताला लागली. हिराबाईंनी काठीला हात लावला नाही.

"चरत्यात," तात्या म्हणाले, जणू कधी न पाहिलेली गोष्ट सांगत होते.

"चरू द्या," हिराबाई म्हणाल्या. "तिकडं रुतायचं भ्या न्हाय."

मी निघण्यासाठी उठले, तेव्हा पाण्यावरून, पार पलीकडच्या काठाकडून, अगदी पुसट अशी ती पुन्हा आली. दोन दीर्घ, एक ऱ्हस्व. पलीकडे सोलापूर जिल्हा लागतो. तिथे मी कुणालाही भोंगा दिलेला नाही. तात्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी नकारार्थी मान हलवली. विक्रेतीने ती हाक आपल्या इतर मालातही ठेवली असेल, असे मी मनाशी म्हटले. दुसरे काय असणार?

बांधावरच्या मेंढरांनी कानही हलवले नाहीत. हिराबाई मात्र उभ्या राहिल्या, पाण्याकडे वळल्या, आणि त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.